लॅपटॉप चोरीला गेला तर

आधी पासवर्ड, मग शोधाशोध. फोनवरून लगेच ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि गूगल खात्यातून त्या लॅपटॉपला साइन आउट करा. त्याआधी तिथे दिसणारी शेवटच्या वापराची वेळ आणि ठिकाण यांचा स्क्रीनशॉट घ्या.

विंडोजमध्ये 'फाइंड माय डिव्हाइस' आधीपासून चालू असेल तरच मायक्रोसॉफ्ट खात्यात ठिकाण दिसतं. मॅकबुक असेल तर ॲपलच्या 'फाइंड माय'मध्ये 'लॉस्ट' म्हणून नोंदवा, पण ॲपल खात्यातून काढू मात्र नका. काढलंत की दुसऱ्याला मॅकबुक वापरू न देणारा ॲक्टिव्हेशन लॉकही जातो आणि चोराचं काम सोपं होतं. मोबाइल ब्लॉक करणारं सरकारी सीईआयआर पोर्टल इथे उपयोगाचं नाही, ते आयएमईआय या मोबाइलच्या ओळख क्रमांकावर चालतं.

ठिकाण दिसलं तरी स्वतः जाऊ नका. नकाशावरचा ठिपका शेजारच्या इमारतीचाही असू शकतो. ते पोलिसांना द्या.

'ही आमची हद्द नाही' असं ऐकवलं तर झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. चोरी रेल्वेत झाली असेल तर १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर कळवा आणि लोहमार्ग पोलिसांकडे गुन्हा नोंदवा. तक्रारीत सिरियल नंबर हवाच. तो खोक्यावर किंवा बिलावर सापडतो.

बिल जपा. लॅपटॉप सापडला तरी तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि सहसा कोर्टाच्या आदेशानेच परत मिळतो. तिथे मालकी दाखवावी लागते.