हापशी, तिफण आणि कूलर: रोजची यंत्रे नीट कशी पाहावीत

रोज हाताखालून जाणाऱ्या यंत्रामागची अक्कल जाणून घ्यायची असेल, तर त्यातला एकेक भाग मनातल्या मनात काढून टाकावा आणि तो नसता तर कोणाचे काय अडले असते, हे स्वतःला विचारावे. ज्या भागाचे कारण सांगता येत नाही, तिथेच बहुधा खरी हुशारी दडलेली असते. ही पद्धत मी विदर्भातल्या आमच्या गावातल्या तीन वस्तूंवर वापरून पाहिली आहे आणि तीच इथे सांगत आहे.

सुरुवात हापशीपासून करावी. आमच्याकडे काही जण तिला बोरिंग म्हणतात. गावोगाव दिसणारी हापशी बहुधा इंडिया मार्क टू या नमुन्याची असते. १९७० च्या दशकात, सोलापूर भागात आधीपासून चालत असलेल्या पंपाचा आधार घेऊन आणि युनिसेफच्या मदतीने हा नमुना घडवला गेला. सकाळची गर्दी ओसरल्यावर तिच्याजवळ जावे आणि दांडा अगदी सावकाश खाली न्यावा. हात खाली जातो तेव्हा आतली सळई वर येते. हात साधारण आठ बोटे खाली गेला, तर सळई एक बोटच वर सरकते. म्हणूनच दहा वर्षांची पोरगीसुद्धा खोल बोअरमधले पाणी वर आणू शकते.

दुरुस्तीला माणूस येईल आणि पुढचे झाकण उघडेल, तेव्हा जवळ उभे राहून आत पाहण्याची संधी दवडू नये. दांड्याच्या टोकाला कमानीसारखा वाकवलेला लोखंडी भाग असतो आणि त्यावरून साखळी खाली सळईला जोडलेली असते. आता ही साखळी मनातून काढून टाका. सळई थेट दांड्याला जोडली असती, तर दांड्याच्या टोकाबरोबर तीही मागेपुढे झुकली असती आणि घासून लवकर झिजली असती. साखळी कमानीवर बसत जाते, त्यामुळे सळई कायम सरळ उभी राहते. साखळीला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून सळई खाली नेण्याचे काम तिच्या स्वतःच्या वजनावर सोपवले आहे. दांडा भरीव आणि जड असण्याचे कारणही तेच आहे, कारण सळईचे ओझे तो दुसऱ्या बाजूने तोलून धरतो.

मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट मात्र जमिनीखाली असते. सळईच्या खालच्या टोकाच्या दट्ट्यावर (पिस्टनवर) वाटीच्या आकाराचे वायसर (वॉशर) असतात, पूर्वी चामड्याचे आणि आता पुष्कळदा रबराचे. दट्ट्या वर येताना पाण्याचा भार वाटीत बसतो आणि तिच्या कडा नळकांड्याच्या भिंतीवर दाबून धरतो. जे पाणी फटीतून निसटायला पाहते, तेच फट बुजवते. दट्ट्या खाली जाताना भार उतरतो, कडा सैल पडतात आणि वाटी सहज सरकते. जुने वायसर मागून घ्यावे आणि त्याच्या कडेवर बोट फिरवून पाहावे. झीज नेमकी कुठे झाली आहे त्यावरून सगळे काम वाचता येते.

घरी करण्यासारखी आणखी एक परीक्षा आहे. पहाटे पहिल्यांदा हापसताना पाणी येईपर्यंत किती वेळा हापसावे लागते, ते मोजावे. हा आकडा दिवसेंदिवस वाढत असेल, तर तळाची झडप रात्रभर पाणी गळू देत आहे, किंवा पाण्याची पातळी तरी उतरली आहे.

तिफणीबद्दल, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या औताबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण ती पेरणीच्या दिवशी शेतातच पाहावी. माझी आजी चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायची, तेव्हा तिच्या बोटांतून सुटणारे बी तीन छिद्रांत वाटले जायचे आणि तीन नळ्यांतून तीन तासांत (फणांनी पाडलेल्या चरांत) पडायचे. चाडे काढून टाकले, तर त्याच कामाला तीन माणसे लागतील. फणाने तास उघडला की माती परत ढासळण्याआधीच बी ओलीत पोचते. तुरीची ओळ घ्यायची असेल तर मागे दोरीने सरते, म्हणजे बी सोडायची वेगळी नळी, बांधतात, आणि दोरी सैल असल्यामुळे ते तासातून आपोआप ओढत येते.

कूलर तर आमच्या उन्हाळ्याचे जीवनच आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पण हवा कोरडी असते, आणि या कोरडेपणाचाच कूलरने उपयोग करून घेतला आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढ्यात पाच लिटर गार पाणी उकळीला येईल. ही उष्णता कूलरच्या बाजूंना बसवलेल्या गवताच्या ओल्या ताट्यांतून आत येणाऱ्या हवेतूनच काढली जाते. समोरची खिडकी किंवा दार बंद करून पाहा: आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट उरत नाही आणि अर्ध्या तासात खोली कोंदट होते. ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर हवा अडते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला त्या बदलाव्यात.

याची खात्री करण्यासाठी दोन साधे तापमापक घ्यावेत, एकाच्या खालच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे आणि दोन्हींना पंख्याची हवा द्यावी. मे महिन्यात दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडतो आणि कूलर फार तर तेवढाच गारवा देऊ शकतो. आषाढातल्या झडीत हाच प्रयोग केला तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. त्या दिवसापासून कूलरची पाण्याची मोटर बंद करावी आणि नुसता पंखा चालू ठेवावा.