आवरण उचललं म्हणजे फलन नीट झालं असं नाही: सी अर्चिनच्या अंड्यांबाबत या चुका टाळा

सी अर्चिन या गोल, काटेरी समुद्री प्राण्याची अंडी प्रयोगाला फार सोयीची, आणि त्या सोयीमुळेच लोक निष्काळजी होतात. अंडं पारदर्शक असतं, फलन उघड्या पाण्यात होतं, शुक्राणू घातल्यावर मिनिटाभरात अंड्याभोवती स्वच्छ गोल आवरण उभं राहतं. ते दिसलं की वहीत ‘फलन यशस्वी’ असं लिहून मंडळी सूक्ष्मदर्शकावरून उठतात. या घाईचा मला मनापासून राग येतो.

ते आवरण नेमकं काय सांगतं ते आधी समजून घ्या. शुक्राणू जिथे शिरतो तिथून कॅल्शियमची लाट निघते आणि साधारण अर्ध्या मिनिटात अंड्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. वाटेत पृष्ठभागालगतच्या सुमारे 15,000 कॉर्टिकल कणिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, फुटतात. त्यांतली एन्झाइम्स अंड्याला चिकटलेला पातळ पडदा सोडवतात, शर्करायुक्त रेणू पाणी ओढून घेतात, पडदा वर उचलला जातो आणि मग पेरॉक्सिडेज हे एन्झाइम त्याला कडक करतं. म्हणजे आवरण दिसलं याचा अर्थ कणिका फुटल्या, एवढाच. आत शुक्राणू एक गेला की तीन, हे त्यावरून कळत नाही.

शुक्राणूंचा पूर

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. एका बॅचमधल्या चार विद्यार्थ्यांनी नराकडून मिळालेला दाट पांढरा द्राव पातळ न करता थेट अंड्यांच्या बशीत सोडला. जवळपास प्रत्येक अंड्यावर आवरण आलं, चौघे खूश. पहिल्या विभाजनाची वेळ झाली तेव्हा दोन पेशींची अंडी शोधूनच काढावी लागत होती. बहुतेक अंडी एका दमात तीन किंवा चार पेशींत फुटली होती, त्याही लहानमोठ्या. ‘आमची अंडी लवकर वाढतायत,’ असं त्यांनी मला आनंदाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तळाशी विस्कटलेल्या पेशींचा थर होता, पोहणारं एकही पिल्लू नव्हतं.

एकाहून जास्त शुक्राणू शिरू नयेत यासाठी अंड्याकडे झटपट उपाय आहे. पहिला शुक्राणू जुळताच पटलावरचा विद्युतदाब सुमारे −70 मिलिव्होल्टवरून धन बाजूला, साधारण +20 पर्यंत जातो, तोही एक ते तीन सेकंदांत. अशा पटलाशी दुसरा शुक्राणू एकरूप होऊ शकत नाही. संशोधक लॉरिंडा जॅफी यांनी 1976 मध्ये हे दाखवून दिलं. पण शुक्राणूंची झुंबडच उडवली तर त्या दोन-तीन सेकंदांतही दुसरा घुसतो. प्रत्येक शुक्राणू स्वतःचं सेंट्रोसोम (विभाजनाचे ध्रुव घडवणारा पेशीतला भाग) घेऊन येतो, त्यामुळे विभाजनाला दोनऐवजी चार ध्रुव मिळतात आणि गुणसूत्रांचे तीन संच चार पेशींत वेडेवाकडे वाटले जातात. जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी 1902 मध्ये अशाच अंड्यांवरून दाखवलं की प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असतं आणि वाढीला पूर्ण संच लागतो.

माझी सवय सांगते. दाट द्रावाचा एक थेंब दहा मिलिलिटर गार समुद्राच्या पाण्यात, आणि त्यातले एक-दोन थेंब बशीत. नव्वद टक्क्यांहून जास्त अंड्यांवर आवरण येईल इतकेच शुक्राणू हवेत. कमी पडले तर आणखी एक थेंब घालता येतो, जास्त झालेले काढता येत नाहीत. आणि दोन पेशींच्या अवस्थेत शंभर अंडी मोजल्याशिवाय ‘यशस्वी’ हा शब्द लिहायचा नाही.

शुक्राणू आधीच पातळ करून ठेवणं

याला ‘तयारी’ म्हणतात, पण ही नासाडी आहे. दाट द्रावात कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लता जास्त असते, त्यामुळे शुक्राणू शांत असतात. समुद्राचं पाणी मिळालं की ते पोहायला लागतात आणि ऊर्जा संपवत सुटतात. अर्ध्या तासाने त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दाट द्राव बर्फावर ठेवायचा, अंडी धुऊन बशीत पसरली, सूक्ष्मदर्शक नीट लागला, की मगच पातळ करायचा.

शुक्राणू न घातलेली बशी न ठेवणं

ती बशी नसेल तर तुमचा प्रयोग मी वाचतही नाही. एकच पिपेट दोन्हीकडे फिरली की नको तिथे शुक्राणू पोहोचतात. शिवाय A23187 सारखं कॅल्शियम आयनोफोर (पेशीतलं कॅल्शियम वाढवणारं रसायन) दिलं तर शुक्राणूशिवायही आवरण उठतं. तेव्हा कशामुळे काय झालं, हे त्या कोऱ्या बशीशिवाय ठरवता येत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. साबणाने धुतलेली काचेची भांडी वापरू नका, अंड्यांसाठी वेगळा संच ठेवा. मीठ विरघळवलेलं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. कॅल्शियम नसेल तर शुक्राणूच्या टोकावरचा, अंड्याचं वेष्टण भेदायला मदत करणारा कप्पा म्हणजेच अ‍ॅक्रोसोम उघडत नाही. अंडी एकावर एक रचू नका, तळाशी एकच थर हवा. कव्हरस्लिप थेट अंड्यांवर टेकवू नका. मोठं, ठळक केंद्रक दिसणारी अंडी अजून कच्ची आहेत, ती मोजणीत धरू नका.

आणि आवरण काढून टाकायचं असेल तर ते कडक झाल्यावर सुई घेऊन बसू नका. अमिनोट्रायझोल हे रसायन फलनाच्या आधीच पाण्यात असायला हवं, म्हणजे पेरॉक्सिडेज थांबतं आणि आवरण मऊ राहतं. मग अंडी योग्य छिद्रांच्या जाळीतून हलकेच जाऊ द्या. पिपेटने जोराने ओढाल तर आवरणाबरोबर अंडंही फाटेल.