कॅरावॅनमधलं काचेचं शॉवर-दार खाली बसलंय? स्क्रू आवळण्याआधी या चुका टाळा

करूळ किंवा फोंडा घाट उतरून कोकणात गेलेली कॅरावॅन कोल्हापुरात परतली, की शॉवरचं दार खाली घासायला लागल्याची तक्रार हमखास येते. बहुतेक जण सरळ स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळे स्क्रू करकचून आवळतात. दोन दिवस दार बरं चालतं, मग आणखी खाली बसतं, कारण स्क्रू धरून ठेवणारी जागाच खिळखिळी झालेली असते.

आधी गाडी समतल करा. पन्हाळ्याच्या चढावर उभ्या गाडीत दाराची तपासणी करून काहीच कळत नाही. शॉवरच्या तळाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, म्हणून स्पिरिट लेव्हल (बुडबुड्याने सपाटी दाखवणारी पट्टी) बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर आडवी-उभी अशी दोन्ही बाजूंनी ठेवा. चाकाखाली फळ्या घालून गाडी सरळ करा, कोपऱ्यातले स्टॅबिलायझर जॅक त्यानंतर टेकवा. हे जॅक गाडी हलू नये म्हणून असतात. त्यांनी गाडी उचलली की सांगाडा पिळतो आणि दाराची चौकट तिरकी होते. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर दुखणं चौकटीचं आहे, बिजागरीला हात लावू नका. दार अर्धं उघडून सोडल्यावर आपोआप फिरत असेल तर गाडी किंवा बिजागरीची बाजू ओळंब्यात (अगदी सरळ उभी) नाही, एवढंच समजा. ते दार खाली बसल्याचं लक्षण नव्हे.

मग सैलपणा नेमका कुठे आहे ते शोधा. दार अर्धं उघडून मुठीच्या बाजूने हलकंच वर उचला आणि दुसऱ्याला वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीची पट्टी भिंतीपासून सुटताना दिसली तर स्क्रूची पकड गेली आहे. पट्टी जागेवर राहून काच क्लॅम्पमध्ये (बिजागरीच्या काच धरणाऱ्या पकडीत) सरकत असेल तर आतलं रबर किंवा फायबरचं गॅस्केट, म्हणजे मधली गादी, दबलं आहे. खात्री करायची असेल तर काच आणि क्लॅम्प दोन्हींवरून जाईल अशी मार्करची एक रेघ ओढा आणि चार दिवसांनी बघा. पिव्हटच्या, म्हणजे वर-खाली पिनेवर फिरणाऱ्या दारात खालचं बुश (पीन बसते ती नळी) झिजलं की दार तिरकं होत नाही, सरळ खाली उतरतं आणि तळाची फट सगळीकडे सारखी कमी होते. याउलट वरची बिजागरी उपटली असेल तर दाराच्या वरची फट मुठीच्या टोकाला रुंदावते आणि खालचा तोच कोपरा घासतो.

वरचीच बिजागरी का उपटते, ते आकड्यात बघा. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. 6 मिमी जाडीची, 60 सेंटिमीटर रुंद आणि 180 सेंटिमीटर उंच काच 16 किलोच्या वर भरते. दोन बिजागऱ्यांत 140 सेंटिमीटर अंतर धरलं तर वरच्या बिजागरीला बाहेर खेचणारा ओढा साधारण साडेतीन किलोचा. गाडी उभी असेल तर हे काहीच नाही, पण खड्ड्यात गाडी आपटली की तोच कित्येक पटींनी वाढतो. आणि भिंत बघायला गेलं तर बऱ्याचदा 3-4 मिलिमीटरचा पातळ प्लाय, त्यामागे फोम. आटे जाणारच.

अशा वेळी सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लांब स्क्रू मारणं. आत वायर असते, पाण्याचा पाइप असतो आणि थोडं पुढे गाडीचा बाहेरचा पत्रा. भोकात काड्या आणि फेव्हिकॉल घालणं हलक्या कपाटाला चालतं, 16 किलोच्या काचेला नाही.

भिंतीमागे कपाट असेल तर काम सोपं आहे. भिंतीत त्या जागी वायर-पाइप नाही याची खात्री करून आरपार भोक पाडा, कपाटाच्या बाजूने 3 मिमी ॲल्युमिनियमची साधारण 75 बाय 150 मिलिमीटरची पट्टी लावा आणि एम-5 स्टेनलेस बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) वापरा. आतला फोम दबेपर्यंत आवळू नका, भिंत आत बसते आणि दार पुन्हा तिरकं होतं. मागून हात जात नसेल आणि आत लाकडाची पट्टी असेल तर भोक 8 मिलिमीटरचं करून इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरा. 24 तासांनी 3 मिलिमीटरचं नवं भोक पाडून 8 नंबरचा स्टेनलेस स्क्रू बसवा. काळे ड्रायवॉल स्क्रू शॉवरमध्ये लगेच गंजतात. प्लाय टोकदार पोक्याने टोचून बघा. मऊ लागला तर तो तुकडा कापून 12 मिमी मरीन प्लाय बसवणं हाच उपाय. जुलैत गगनबावड्याहून आलेल्या गाडीतलं ओलं लाकूड आधी ब्लोअरने नीट वाळवा, ओल्यावर इपॉक्सी धरत नाही.

दार काढताना दोघे जण हवेत. काचेवर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी आडवी-उभी मारा, म्हणजे फुटली तरी चुरा उडणार नाही. दाराखाली लाकडी पाचरी घालून वजन त्यांवर घ्या, मगच स्क्रू सोडा. खालची बिजागरी आधी, वरची शेवटी. काच नेहमी लाकडावर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवा. टफन काच मधोमध मार सोसते, पण कडेला फरशीचा टोला बसला तर क्षणात चुरा होते. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. कोल्हापुरी घालून हे काम करू नका.

घासतंय म्हणून काच खालून घासून घेऊ, असं सुचवणारा मिस्त्री भेटतोच. त्याला नमस्कार करा. टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. खालची रबरी पट्टी कापणं हीसुद्धा पळवाट. दार फिरेल, पण पाणी बाहेर येऊन फरशीचा प्लाय कुजेल.

क्लॅम्पचं गॅस्केट बदलताना धातू काचेला थेट टेकू देऊ नका. ॲलन कीने दोन्ही स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, ड्रिलमशीनने नाही. धातूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब चालतो, पण एबीएस प्लास्टिकच्या शॉवर पॅनलला तो लागू देऊ नका, प्लास्टिकला चिरा पडतात. झिजलेलं पिव्हट-बुश दुकानात मिळालं नाही तर जुनं बुश घेऊन शिवाजी उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडे जा. नायलॉनच्या रॉडमधून तसंच कातून देतात, आणि ते बाजारच्या पातळ बुशापेक्षा जास्त टिकतं. पिनेला तेल किंवा ग्रीस लावू नका, धूळ चिकटून बुश घासलं जातं. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरेसा आहे.

बसवताना तिन्ही बाजूंना 3 ते 5 मिलिमीटर फट ठेवा. सिलिकॉन न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं धातूला खातं. जुनं पूर्ण खरवडून काढा, सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. सिलिकॉन फट बंद करण्यासाठी आहे, दाराचं वजन पेलण्यासाठी नाही. तळाच्या चॅनेलमधली पाणी निघायची बारीक भोकं बुजवू नका. त्यानंतर 24 तास शॉवर बंद.

प्रवासात नुसत्या चुंबकावर दार सोडू नका. मुठीतून वेल्क्रोचा पट्टा ओवून चौकटीला ओढून बांधा आणि काच व चौकट यांच्यामध्ये फोमचा तुकडा दाबून बसवा. नव्या दुरुस्तीनंतर पहिला घाट उतरल्यावर थांबून वरच्या बिजागरीचे स्क्रू हाताने तपासा. एखादा सैल लागला तर आवळण्याआधी मागची पट्टी बघा.