गाजर गवत शेजारच्या पिकाला कसं दाबतं, घरच्या घरी टेस्ट करून बघा

आपल्याकडं सांगली साताऱ्यात बांधावर, उसाच्या कडेनं गाजर गवत माजतं आणि त्याच्या बुडाशी दुसरं काय धड येत नाही हे सगळ्यांनी बघितलंय, पण कारण विचारलं की उत्तर एकच, खत खातंय पाणी पितंय. ते खरंय पण अर्धंच. मेक्सिकोकडच्या ह्या गवताची (पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसलं, मग देशभर) पानं फुलं पार्थेनिन नावाचं द्रव्य बाळगून असतात, शिवाय कॅफिक, फेरुलिक असली ॲसिडं, आणि पावसानं धुऊन, पाला कुजून हे सगळं मातीत उतरतं आणि शेजारच्या रोपाची मुळी आखडते. ह्यालाच ॲलेलोपॅथी म्हणतात.

आता टेस्ट. हातमोजे आणि तोंडाला रुमाल पाहिजेच, ह्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दमा पण. फुलावर न आलेलं झाड घ्या, ५० ग्रॅम पानं बारीक चिरून अर्धा लिटर पाण्यात २४ तास भिजत ठेवा आणि फडक्यातून गाळा.

तीन ताटल्या घ्या, टिश्यू पेपर अंथरा, प्रत्येकीत २० मुळ्याच्या बिया, बी औषध न लावलेलं. एकीत साधं पाणी, दुसरीत गाजर गवताचं, आणि तिसरीत पालकाच्या पानांचं तसंच त्याच मापानं केलेलं पाणी. ही तिसरी ताटली लोक गाळतात आणि तिथंच सगळं फसतं, कारण कुठल्याही पाल्याचं घट्ट पाणी बियांना थोडं जड जातंच, मग दोष गाजर गवताचा का नुसत्या घट्टपणाचा हे कळणार कसं?

सावलीत झाकून ठेवा, पेपर सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांनी किती उगवलं ते मोजाच, पण खरा फरक मुळीत बघायचा, पट्टी लावून मिलिमीटरमध्ये लिहा. दुसऱ्या ताटलीत कोंब आलेला पण मुळी आखूड, टोकाला तपकिरी, आणि पालकवाली त्यापेक्षा बरी असेल तर समजा गाजर गवताच्या पाल्यातच काहीतरी आहे.

पण लगेच "शेतात पण एवढंच होतं" असं म्हणू नका हं. मातीतले जिवाणू ही द्रव्यं खाऊन टाकतात, पाऊस पातळ करतो, शिवाय गाजर गवताचं शेजारच्या पिकाचं ऊन आणि पाणी पळवायचं काम वेगळं चालूच असतं. त्यामुळं जमलं तर कुंडीत शेतातली माती घेऊन तेच पाणी घालून परत बघा, तिथला फरक बहुतेक कमीच निघेल.

राहिलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नका. आणि भांगलण फुलं यायच्या आधीच करा, एका झाडाला हजारोंनी बी धरतं, फुलावर आलेलं उपटून उकिरड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी शेणखतातून परत रानातच.