लग्नाचा बस्ता दुकानात बसून कसा बांधावा

लग्नाच्या कपड्यांची सगळी खरेदी आता फोनवरून उरकता येते. साड्यांची छायाचित्रे घरच्या ग्रुपवर टाकायची, चार जणींचे होकार आले की पैसे भरायचे, आणि आठवडाभरात खोकी दारात येतात. ज्यांना प्रवास झेपत नाही किंवा ज्यांच्या गावापासून चांगली बाजारपेठ फार लांब आहे, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. तरीही निदान नवरीची वस्त्रे आणि मानाची वस्त्रे दोन्ही घरांनी दुकानात एकत्र बसूनच घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. लग्न ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंत दोन्ही घरची माणसे निवांत एकत्र बसण्याचे प्रसंग फार थोडे येतात. याद्यांच्या दिवशी देण्याघेण्याचे बोलणे असल्यामुळे सगळे जपून बोलतात आणि साखरपुड्यात पाहुण्यांचीच सरबराई चाललेली असते. बस्त्याच्या दिवशी मात्र दोन-तीन तास समोर कापड असते, हाताला काम असते, आणि त्या निमित्ताने होणारी सून आणि होणारी सासू एकमेकींच्या आवडीनिवडी, भिडस्तपणा आणि आग्रह जवळून पाहतात. ही ओळख खोक्यातून येत नाही.

मात्र नीट तयारी न करता गेले तर याच दिवशी रुसवेफुगवेही होतात, म्हणून कामाची सुरुवात घरी यादी करण्यापासून करावी. यादी आकड्यांची नसावी, नावांची असावी. ‘मानपानाच्या साड्या इतक्या, टॉवेल-टोप्या इतक्या’ असे लिहून गेलेले घर दुकानात एकाच दराचा गठ्ठा उचलते, आणि त्या साड्या पुढे कुणीही न नेसता एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात. त्याऐवजी प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती नऊवारी नेसते की सहावारी, तिला सुती कापड सोसते की रेशीम, कोणता रंग ती कधीच वापरत नाही, एवढे लिहावे. माहीत नसेल तर फोन करून सरळ विचारावे. विचारल्याचा राग कुणाला येत नाही, उलट आपली आठवण ठेवून विचारले याचेच समाधान वाटते. आजेचीर, म्हणजे आजीला द्यायची मानाची साडी, घेताना तर आजींना शक्य असेल तर सोबतच न्यावे, कारण वयोवृद्ध बाईला जड जरीकाठापेक्षा हलके, मऊ आणि अंगावरून न घसरणारे लुगडे हवे असते, आणि ते तिच्या हाताला जसे कळते तसे आपल्या डोळ्यांना कळत नाही.

यादी करताना आणखी एक गोष्ट ठरवून करावी. घरातल्या विधवा आत्या, मावशी, काकू यांची नावे अनेक घरांत मानाच्या यादीतून गळतात किंवा त्यांच्यासाठी फिक्या रंगाचे काहीतरी शेवटी घेतले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. एका गावाला जे जमले ते एका घराला जमायला हवे. त्यांना बस्त्याला बोलवावे, गादीवर शेजारी बसवावे आणि त्यांची साडी त्यांनाच निवडू द्यावी.

दिवस निवडताना दसरा-दिवाळीची आणि भर लग्नसराईतली सुट्टीची संध्याकाळ टाळावी. पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो, दादर असो की तालुक्याच्या गावची बाजारपेठ असो, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर गेले तर दाखवणाऱ्या माणसाला आपल्यासाठी वेळ असतो. लग्नाच्या किमान दोन महिने आधी जावे, कारण ब्लाउज शिवणारे हात लग्नसराईत फार गुंतलेले असतात. दोन्ही घरची मिळून सात-आठ माणसे पुरेत: नवरी, दोन्हीकडच्या आया, दोन्हीकडची एकेक वडीलधारी बाई, आणि कापडातले खरोखर कळणारे एखादे माणूस. गौरीहर पूजताना नेसायची पिवळी साडी, म्हणजे अष्टपुत्री, मामाकडून यायची असेल तर मामा-मामींनाही याच दिवशी बोलवावे. ती एकटी कुठून तरी मागवून कुरिअरने पाठवण्यापेक्षा सगळ्यांसमोर घेतलेली बरी. नवरीच्या साड्यांत अंतिम शब्द नवरीचा, हे घरातून निघण्याआधीच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मोकळेपणाने बोलून ठेवावे. दुकानात बसल्यावर तिला ‘तुला आवडेल ते घे’ म्हणायचे आणि मग प्रत्येक साडीवर नाक मुरडायचे, हे तिच्यावर अन्यायाचे आहे.

गादीवर बसल्यावर पहिले काम म्हणजे दाखवणाऱ्याला यादी आणि प्रत्येक गटाची किंमतमर्यादा स्पष्ट सांगणे. बरेच लोक रक्कम लपवून ठेवतात, आणि मग दोन्ही बाजूंचा तास वाया जातो. वर्षानुवर्षे साड्या दाखवणारा माणूस नेसणारीचा वर्ण, उंची, वय पाहून आणि दोन प्रश्न विचारून जी तिसरी साडी काढतो ती पुष्कळदा नेमकी असते. फोन आपण आधी जे पाहिले त्याच्यासारखेच पुन्हा पुढे करतो, तर हा माणूस आपण मागितलेच नसते असे काहीतरी मांडीवर टाकतो आणि वर ‘हा रंग रात्रीच्या दिव्यात काळपट दिसेल, सकाळच्या मुहूर्ताला घ्या’ असेही सांगतो. त्याचे हे ज्ञान मागून घ्यावे. ही कुठे विणली, धागा कोणता, धुवायची कशी, काठ आटतो का, हे प्रश्न विचारावेत. उत्तर ठामपणे आणि तपशिलाने आले तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवता येतो. तो दिवसभर उभा किंवा मांडी घालून बसलेला असतो आणि उलगडलेली प्रत्येक साडी कुणाला तरी पुन्हा घडी करावी लागते, हे ध्यानात ठेवून नको असलेली साडी पहिल्या पदरालाच ‘नको’ म्हणावे. निघताना त्याचे नाव विचारून घ्यावे, कारण पुढच्या वेळी तोच आपल्याला ओळखणार असतो.

पैठणीसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, कारण बस्त्यातील सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त फसवणूक होणारी वस्तू बहुधा तीच असते. अस्सल हातमागाच्या पैठणीचे काठ आणि पदर वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाच्या छोट्या कांड्यांनी, एकेक आडवा धागा हाताने गुंतवत विणलेले असतात, त्यामुळे पदरावरचा बांगडी मोर (बांगडीच्या गोलातला मोर) किंवा मुनिया (पोपटाची नक्षी) उलट बाजूलाही जवळजवळ तसाच सुबक दिसतो. म्हणून पैठणी हातात आली की आधी पदर उलटा करावा. मागे लोंबणारे किंवा कापलेले धाग्यांचे पुंजके दिसले तर ती जॅकार्डवर (नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर) किंवा यंत्रमागावर विणलेली आहे असे समजावे. तशी साडी घेण्यात कमीपणा अजिबात नाही, फक्त तिला हातमागाची किंमत देऊ नये. हाताने विणलेल्या मोरांत एकमेकांपासून बारीकसा फरक असतो. सगळे मोर तंतोतंत सारखे असतील तर आणखी प्रश्न विचारावेत. जरीची तार चांदीवर सोन्याचे पाणी दिलेली आहे, तांब्याची आहे की प्लास्टिकची, हेही विचारून बिलावर लिहून घ्यावे. शुद्ध रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आणि हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क अशी चिन्हे आहेत, ती लेबलावर पाहावीत. काठातून निघालेला सुटा धागा जाळून पाहण्याची परवानगी काही दुकानदार देतात: रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो. यातले एकही परीक्षण पडद्यावरच्या छायाचित्रावर करता येत नाही.

जमत असेल तर पैठणीपुरते येवल्याला जावे. नाशिक जिल्ह्यातले हे गाव शिर्डीहून फार लांब नाही, आणि तिथे अनेक विणकरांची घरे आणि दुकाने शेजारी-शेजारी किंवा एकाच छताखाली आहेत. नक्षीच्या दाटपणानुसार एका पैठणीला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात, हे मागाजवळ उभे राहून एकदा पाहिले की किमतीबद्दल कसे बोलावे याचेही भान येते.

रंग पाहायचा तो नेहमी दिवसाच्या उजेडात. दुकानातले पांढरे दिवे जांभळा आणि मोरपंखी हे रंग फार फसवे दाखवतात, म्हणून निवडलेल्या दोन-तीन साड्या घेऊन दारापर्यंत जावे, आणि दुकानदाराला तसे सांगण्यात संकोच करू नये. साडी खांद्यावर टाकून आरशासमोर पाहावी आणि पदराचे वजन खांद्याला पाच मिनिटे सोसून बघावे, कारण लग्नाच्या दिवशी ते तासन्‌तास सोसायचे असते. नऊवारी घेताना लांबी मोजून घ्यावी. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, आणि उंच मुलीला त्याहून कमी कापड मुळीच पुरत नाही.

किमतीची बोलणी सर्व निवड झाल्यावर, एकत्रित बिलावर, घरातल्या एकाच माणसाने करावी. बस्त्यावर काही सूट द्यायची अनेक दुकानांची रीत आहे, ती मागण्यात गैर काही नाही. पण व्याह्यांसमोर प्रत्येक साडीवर घासाघीस करू नये, आणि तीच साडी फोनवर स्वस्त दिसते म्हणून पडदा दुकानदाराच्या तोंडासमोर धरू नये, कारण दोन्ही साड्यांचे कापड एकच आहे हे त्या क्षणी आपल्यालाही ठाऊक नसते.

पुरुषांच्या कपड्यांना इतका वेळ लागत नाही. फेट्याचे कापड, उपरणी, टॉवेल-टोप्या, पाहुण्यांच्या आहेराच्या पिशव्या आणि खोकी यांपैकी बरेचसे ऑनलाइन मागवले तरी काही बिघडत नाही. परदेशी असलेल्या बहिणीला किंवा मावशीला मात्र नुसती छायाचित्रे न पाठवता, शेवटच्या पाच-सहा साड्यांपर्यंत आल्यावर व्हिडिओ कॉलवर घ्यावे. तिलाही गादीवर बसल्यासारखे वाटते आणि चर्चा हाताबाहेर जात नाही. तिथून ती स्वतः काही मागवणार असेल, तर भारतातल्या विक्रेत्याने परताव्याच्या अटी आणि परत पाठवण्याचा खर्च कुणाचा हे स्पष्ट लिहिले आहे का, ते आधी तपासावे.

दुकानातून निघण्यापूर्वी बिल घ्यावे आणि त्यात ‘साडी – १’ असे न लिहवता धागा, हातमाग की यंत्रमाग, आणि जरीचा प्रकार लिहवून घ्यावा. प्रत्येक साडीवर तिथेच नावाची चिठ्ठी लावली तर घरी गोंधळ होत नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रत्येक साडी पूर्ण उलगडून, उजेडात धरून, दोष पाहावा, आणि तोपर्यंत फॉल-पिकोला देऊ नये, कारण शिवण पडलेली साडी बदलून मिळणे अवघड जाते. सुती फॉल आधी भिजवून वाळवावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. दोष निघाला तर बिल आणि साडी घेऊन आधी त्याच दुकानात, शक्यतो त्याच माणसाकडे जावे. समोरासमोर शांतपणे दाखवलेला दोष बहुतेक वेळा मान्य होतो. होत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे दुकानदाराला सांगावे, आणि तरीही ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.