माजलेली बाग वाफ्यावाफ्याने परत मिळवा

कंबरभर गवत वाढलेलं दिसलं की सगळी जागा एका सुट्टीत साफ करावीशी वाटते. तो मोह आवरा. जमिनीत तणाचं बी वर्षानुवर्षं पडून असतं. माती उकरून त्याला उजेड दाखवला की ते उगवतं, आणि महिन्याभरात जागा पुन्हा हिरवीगार. म्हणून जेवढं लावून झाकता येईल, तेवढंच उघडं करायचं.

आधी नुसतं बघा. ऊन कुठे, किती वेळ राहतं? टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी यांना रोज किमान 6 तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या 3-4 तासांवरही भागवतात. पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे तुंबतं तेही पाहून ठेवा. जुन्या झाडांची सावली नको असेल तर वाळक्या फांद्या आधी काढा; जिवंत फांद्या मात्र एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त छाटू नका.

मग नळाजवळचा, उन्हातला एकच वाफा आखा. रुंदी 1.2 मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधपर्यंत हात पोचतो आणि माती पायाखाली दाबली जात नाही. लांबी 2 मीटर पुरे. जुन्या घराच्या भिंतीलगत मात्र वाफा करू नका. जुन्या रंगातलं शिसं तिथल्या मातीत उतरलेलं असू शकतं.

आता तण. इथे घाई अंगाशी येते. साधं गवत जमिनीलगत कापून त्यावर जाड पुठ्ठा अंथरला की काम होतं. चिकटपट्ट्या सोलून काढा, कडा वीतभर एकमेकींवर चढवा, पाणी मारून पुठ्ठा चिंब करा आणि वर 10-15 सेंटिमीटर कंपोस्टचा थर द्या. खालचं गवत उजेडाविना मरतं आणि पुठ्ठा काही महिन्यांत कुजून जातो. हरळी आणि लव्हाळा असेल तर मात्र पुठ्ठ्याच्या भरवशावर राहू नका. लव्हाळ्याचा कोंब पुठ्ठा भेदून वर येतो. हरळीचा कांडीएवढा तुकडाही पुन्हा फुटतो, त्यामुळे यंत्राने माती फिरवणं म्हणजे तिची लागवड करणंच. दाताळ्याने माती सैल करून हरळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा. हे किचकट काम आहे आणि एका फेरीत संपत नाही. वर आलेला प्रत्येक कोंब लहान असतानाच खुडत राहिलात की गाठीतला साठा हळूहळू संपतो.

खणायचं ते वाफसा आल्यावरच, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशी झाल्यावर. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटाने टोचल्यावर तो फुटला तर ठीक, चिकटून राहिला तर थांबा. चिकण माती ओली असताना खणली तर तिची ढेकळं होतात. त्यावर वाळू घालायचा सल्ला मिळेल, पण थोड्या वाळूने काही साधत नाही; दरवर्षी कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घालणं जास्त कामाचं.

पहिल्या हंगामात मुळा, पालक, घेवडा लावा. मुळा महिना-दीड महिन्यात हाती येतो, आणि घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरा. रोपं दाटली की विरळणी करा, जीव खालीवर झाला तरी. रोपं बोटभर झाल्यावर वाळक्या पानांचं आच्छादन घाला, पण देठापासून जरा दूर. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्या; बोट मातीत खुपसून ओल तपासली की अंदाज येतो. कोवळ्या रोपांना मात्र वरचा थर सुकू देऊ नका.

उरलेली बाग तशीच राहू दे. फक्त तणाने बी धरण्याआधी ते कापत राहा. पहिल्या वाफ्यातला घेवडा फुलावर आला की शेजारच्या जागेवर पुठ्ठा अंथरा.