ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी भरती बघा

टोपी, पाणी, दुर्बीण हे कोणी सांगायला नको. सगळ्यात आधी भरतीची वेळ बघा, तारीख ठरवायच्या पण आधी. मागच्या वेळी आम्ही पक्षी म्हणजे सकाळीच असं धरून चाललो, सगळ्यांना घेऊन पोचलो तर ठाणे खाडीत नुसता चिखल, बोट थेट दुपारी. ओहोटीला तिथे बोट चालतच नाही, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मित्र गेल्या रविवारी ज्या वेळेला गेला ती वेळ तुमच्या काही कामाची नाही.

भरतीचं टाइमटेबल नसेल तर कॅलेंडरवरची तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीनच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या. कोकणातला जुना हिशोब आहे, मुंबईला बऱ्यापैकी लागू पडतो, फक्त आपल्या खाडीत पाणी आत यायला थोडा उशीर लागतो. हा अंदाज झाला, बुकिंग करताना बोटीची वेळ विचाराच आणि मग सुट्टी टाका, उलटं नको.

सीझन साधारण नोव्हेंबर ते मे. दुर्बीण ८ पटीची पुरे, जास्त झूमची हलत्या बोटीत काही उपयोगाची नाही. चोच काळपट लाल असेल तर छोटा फ्लेमिंगो, गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा, आणि राखाडी दिसतात ती पिल्लं, दुसरा पक्षी समजू नका. बोट अजून जवळ घ्या म्हणून मागे लागू नका प्लीज, अख्खा थवा उठतो, खाणं सोडून उडावं लागतं त्यांना. २०१५ पासून ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) पण आली, तेव्हा ड्रोन घरीच ठेवा.

त्याच दिवशी घारापुरी पण उरकू असं कोणीतरी म्हणेलच. नाही म्हणा. ते बेसाल्टचं बेट, लेणी त्याच ज्वालामुखीच्या दगडात कोरलेली, त्याला वेगळा दिवस द्या, सोमवार सोडून. आणि दोन्हीकडची वेळ जुळवायच्या नादात भरती चुकते. भरती बघितली ना?

बाकी ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, पुढे रिक्षा. फुल बाह्या, डास असतात. कचरा परत आणा. बोटीत टॉयलेट नसतं, आधीच जाऊन या.